राजद्रोह आणि बालामृत

वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजी यांचा नागपूरशी तसा काही संबंध नव्हता. त्यांचं औषधालय जामनगरला, काठियावाडात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी वर्तमानपत्र हाती घेणाऱ्या कोणालाही त्यांच्या ‘आतंकनिग्रह’ गोळ्या ठाऊक होत्या. गोळ्या अशक्तपणावरच्या, आणि जोडीला कामशास्त्रावरचं एक पुस्तक फुकट. ते मागवायला एक पोस्टकार्ड पुरे, आणि पोस्टकार्ड पाव आण्याला मिळे. वडीलधाऱ्यांसमोर ज्या गोष्टीचं नाव काढायची सोय नव्हती, ती सोय वैद्यबुवांनी टपालखात्यामार्फत करून ठेवली होती. त्याच अंकात स्वराज्यावरचा जळजळीत अग्रलेख असे आणि बंगालच्या फाळणीची खबर असे. तरुण वाचक दोन्ही वाचत होता.

नागपूरच्या पत्रांचा इतिहास लिहिताना अग्रलेख आणि खटले यांचीच आठवण निघते. ते बरोबरच आहे, पण अर्धंच आहे. पत्र चालतं कशावर? वर्गणीवर, असं संपादक म्हणत. आणि वर्गणी थकलेली असे, असंही तेच संपादक छापत. उरलेला खर्च ज्या रकान्यांतून निघायचा, ते रकाने मुंबई, कलकत्ता, मथुरा, जामनगर इथल्या औषधवाल्यांच्या ताब्यात होते. नागपुरातल्या दुकानदारांचा त्यांत वाटा थोडा होता. या विषमतेत त्या काळच्या शहराबद्दल बरंच काही सापडतं.

शहर तेव्हा केवढं होतं? १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या १,२७,७३४. मध्य प्रांताची राजधानी, १९०३ पासून वऱ्हाडही याच कारभाराला जोडलेलं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती आणि चार हजारांवर माणसं तिच्यात राबत होती. कापसाचा बाजार, सरक्या काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, सरकारी कचेऱ्या, वकिलांची भरगच्च फौज. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये या शहराची नोंद करताना अकरा छापखाने मोजले आहेत. पत्रं मात्र तीनच, एक इंग्रजी साप्ताहिक आणि दोन देशी भाषांतली. अकरा छापखान्यांना तीन पत्रं पुरत नाहीत हे उघड आहे. बाकीची चाकं फिरत होती ती कचेऱ्यांचे छापील कागद, लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, शाळांची पुस्तकं आणि वकिलांचं काम यांच्यावर.

आणि वाचणारे किती? मध्य प्रांतात तेव्हा शंभरातल्या जेमतेम तिघांना लिहिता-वाचता येत होतं. शहरात हे प्रमाण बरंच जास्त, तरी महाल आणि सीताबर्डी इथल्या वकील, मास्तर, कारकून मंडळींपलीकडे मराठी पत्राचा वर्गणीदार फारसा जात नव्हता. एकाने घ्यायचं, दहांनी वाचायचं आणि पुढच्या दहांनी ऐकायचं, हा शिरस्ता होता. वाचनाचा प्रसार म्हणून तो उत्तम. पैशाच्या हिशेबात ही पाहुण्यांची पंगत यजमानाला परवडणारी नव्हती, कारण जाहिरातदार खपलेल्या प्रती मोजतो.

त्यात पुण्याची स्पर्धा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, आणि भुसावळ, बडनेऱ्यावरून येणाऱ्या गाडीतून ‘केसरी’चे गठ्ठेही येत. सरकारदरबारी नोंदलेल्या वर्तमानपत्राला टपालात पाव आण्याचा सवलतीचा दर होता. म्हणजे गिरगावातल्या औषधवाल्याने एकदा ‘केसरी’त जागा घेतली, की नागपूर, अमरावती, यवतमाळ त्याला आपोआप मिळत. मग नागपूरच्या पत्राला त्याने वेगळे पैसे का द्यावेत? हा प्रश्न नागपूरच्या प्रत्येक व्यवस्थापकाला पडला असणार, आणि त्याचं एकच व्यवहारी उत्तर होतं: दर कमी ठेवा. वर्षाचा करार केला तर सूट, अर्धं पान घेतलं तर आणखी सूट.

करार वर्षाचा असल्यामुळे जाहिरातही वर्षभर तीच. हे वाचकाला कंटाळवाणं वाटलं तरी छापखान्याच्या सोयीचं होतं. देवनागरीच्या खिळ्यांचे शेकडो प्रकार. काने, मात्रा, जोडाक्षरं सांभाळत एकेक ओळ जुळवायची. एकदा जुळवलेला मजकूर दोऱ्याने बांधून ठेवला, की पुढच्या आठवड्यात तसाच फर्म्यात बसवता येई. मोठे जाहिरातदार तर चित्राचा ठोकळा स्वतःच टपालाने पाठवत. गिरगावच्या के. टी. डोंगरे आणि कंपनीचं बालामृत मराठी मुलखात घरोघर पोचलं त्यात औषधाच्या गोडीइतकाच या पुनरुक्तीचा हात होता.

औषधंच का, याची कारणं मात्र शोधावी लागत नाहीत. वजनाला हलकं, किमतीला भारी, टपालात न फुटणारं आणि ज्याचा गुण आला की नाही हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही, असा दुसरा माल कोणता? व्हॅल्यू पेएबल, म्हणजे व्ही. पी. ची पद्धत टपालखात्याने १८७७ मध्ये सुरू केली. गिऱ्हाइकाने आगाऊ दमडीही द्यायची नाही. पोस्टमन पुडकं घेऊन दारात आला, की पैसे मोजून व्ही. पी. सोडवायची. पसंत नसेल तर परत पाठवायची. अनोळखी दुकानदारावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही, विश्वास पोस्टमनवर होता. ‘टपालहशील निराळे’, ‘एजंट पाहिजेत’, ‘नकली मालापासून सावध’ ही त्या रकान्यांतली ठरलेली भाषा या व्यवहारातूनच घडली. रावबहादूर, मामलेदार, हेडमास्तर यांची शिफारसपत्रंही त्याच कारणाने छापली जात. वाचकाला माल दिसत नव्हता, निदान मामलेदार तरी दिसावा.

शिवाय आजार खरे होते. प्लेगने नागपूरला इतकं झोडपलं की १९११ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास घसरली. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले होते. हिवताप तर दर पावसाळ्याचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात सर्वांत वाईट तडाखा दिलेल्या भागांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. दवाखाने थोडे, डॉक्टरची फी जड. अशा वेळी डॉ. बाटलीवालांचं हिवतापावरचं मिश्रण, १८९३ मध्ये मुंबईत निघालेलं अमृतांजन, कलकत्त्याच्या डॉ. बर्मन यांची औषधं यांच्याकडे लोक वळले तर त्यांना भोळसट म्हणून मोकळं होता येत नाही. त्या यादीत उपयोगी वस्तू होत्या आणि शुद्ध थापाही होत्या. दोन्ही एकाच टायपात छापल्या जात, ही खरी अडचण होती.

अमृतांजनची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. त्याचे मालक काशीनाथुनी नागेश्वरराव हे आंध्रातले गृहस्थ. बामच्या विक्रीतून आलेल्या पैशावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक काढलं, जे पुढे मद्रासला गेलं आणि राष्ट्रीय चळवळीचं मोठं पत्र झालं. जाहिरातदार संपादकाचा आधार होण्याऐवजी स्वतःच संपादक झाला. नागपूरच्या नशिबी असा औषधवाला आला नाही.

नागपूरला आले ते अच्युत बळवंत कोल्हटकर. ‘देशसेवक’ हे साप्ताहिक त्यांच्या हाती असताना त्याचा सूर जहाल होता, आणि त्याच शहरात माधवराव सप्रे १३ एप्रिल १९०७ पासून ‘हिंदी केसरी’ चालवत होते. सप्रे मराठी घरातले, पण लेखणी हिंदी. टिळकांचे विचार हिंदी मुलखात पोचवायचे हा त्यांचा हेतू. पैशाचे चटके त्यांना आधीच बसले होते. १९०० मध्ये पेंड्र्याहून काढलेलं त्यांचं ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक तोटा सोसत १९०२ अखेर बंद पडलं होतं. ऑगस्ट १९०८ मध्ये कोल्हटकर आणि सप्रे या दोघांनाही अटक झाली. कोल्हटकरांना राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली. सप्रे माफी लिहून सुटले आणि त्या माफीचा सल त्यांनी पुढे बराच काळ बाळगला.

राजकारण म्हणून हे प्रकरण सर्वांना माहीत आहे. धंदा म्हणून ते कसं दिसतं? ज्या पत्राचा पुढच्या महिन्यातला अंक निघेल की छापखान्याला कुलूप लागेल हे संपादकालाही सांगता येत नाही, त्याच्याशी वर्षाचा करार कोण करील? सरकारी जाहिराती आणि कोर्टाच्या नोटिसा अशा पत्राच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. त्या सरकारच्या मर्जीतल्या पत्रांना मिळत. मग १९१० चा प्रेस कायदा आला. नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घ्यायचा, जुन्याकडे ५,००० पर्यंत मागायचा, आणि जामीन जप्त झाल्यावर पुन्हा उभं राहायचं असेल तर १०,००० पर्यंत रक्कम भरायची. पाव आण्याच्या टपालावर आणि थकलेल्या वर्गणीवर जगणाऱ्या साप्ताहिकापुढे हा आकडा ठेवून पाहिला, की त्या काळी जाहिरातीचा एकेक रुपया संपादकाला कसा वाटत असेल ते कळतं. अशक्तपणावरच्या गोळ्या छापायच्या की नाही हा प्रश्न मग अभिरुचीचा उरत नाही.

कोल्हटकरांनी यातून आपला धडा घेतला, असं म्हणायला जागा आहे. मुंबईत जाऊन १९१५ मध्ये त्यांनी ‘संदेश’ काढला तो चटकदार मथळ्यांचा, गप्पांचा, रस्त्यावरच्या माणसाने विकत घ्यावा असा. वर्गणीदाराच्या दयेवर जगणारं पत्र आणि रोज खपणारं पत्र यांतला फरक त्यांना नागपूरनेच शिकवला असावा.

नागपुरात दरम्यान दोन टिकाऊ पत्रं उभी राहिली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये ‘हितवाद’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केलं. मवाळ धोरण, पाठीशी संस्था, वाचक इंग्रजी शिकलेला आणि खिशात पैसा असलेला. १९१४ मध्ये गोपाळराव ओगले यांनी ‘महाराष्ट्र’ साप्ताहिक काढलं आणि विदर्भातलं टिळकपक्षाचं ते मुख्य मराठी पत्र झालं. इंग्रजी पत्राचा वाचक संख्येने कमी, पण घड्याळ, सायकल, विमा, विलायती साबण यांचा गिऱ्हाईक तोच. मराठी पत्राचा वाचक संख्येने अधिक, पण त्याला विकायला बालामृत, केसांचं तेल, पंचांग आणि पुस्तकं. दोन भाषांमधली ही दरी बातम्यांपेक्षा जाहिरातींच्या रकान्यांत जास्त स्पष्ट दिसते.

मग नागपूरचा व्यापारी कुठे होता? इतवारीत होता, आपल्या गादीवर, आणि त्याला छापील जाहिरातीची फारशी निकड नव्हती. कापड, सोनं, धान्य, किराणा यांचा मोठा व्यापार मारवाडी, गुजराती, बोहरी पेढ्यांकडे. त्यांच्या वह्या मराठीत नव्हत्या आणि गिऱ्हाइकं पिढीजात होती. गावाला काही सांगायचंच असेल तर दवंडी होती, भिंतीवरची पाटी होती, हस्तपत्रकं होती. नाटक कंपनी मुक्कामाला आली की टांग्यात बसून वाजंत्रीवाले गल्लोगल्ली फिरत आणि पोरं मागे धावून कागद गोळा करत. सिनेमानेही पुढे हाच टांगा घेतला. शिवाय साधा हिशेब होता: ज्याचं दुकान सीताबर्डीच्या रस्त्यावर उघडं आहे, त्याला वाचक रोज येता-जाता पाहतोच. जामनगरच्या वैद्याला दुकानच वर्तमानपत्रात मांडावं लागे.

छापील जाहिरातीची खरी गरज स्थानिक माणसाला पडली ती स्वदेशीमुळे. १९०५ नंतर मोरस साखर, मँचेस्टरचं धोतर, विलायती काच यांच्यावर बहिष्कार घालायचा ठरला, पण त्यांच्याऐवजी घ्यायचं काय आणि ते मिळणार कुठे, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. देशी गिरण्यांचं कापड, देशी साबण, देशी पेन्सिली, तळेगावच्या पैसा फंडाच्या कारखान्यातली काच यांची माहिती जाहिरात म्हणून आणि बातमी म्हणूनही छापली जाऊ लागली. अग्रलेख आणि जाहिरात यांच्यातली भिंत या काळात इतकी पातळ झाली की कोणती ओळ पैसे घेऊन छापली आणि कोणती देशप्रेमाने, हे ओळखणं कठीण व्हावं. देशी मालाच्या नावाखाली काही निकृष्ट वस्तूही खपल्या. देशभक्त गिऱ्हाईक तक्रार करायला लाजतो हे विक्रेत्यांनी लवकर हेरलं.

जाहिरातीकडे शास्त्र म्हणून पाहण्याची सुरुवातही याच वर्षांतली. देशातली पहिली जाहिरात एजन्सी म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ मध्ये गिरगावात निघाली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती मुळात नांगर-चरकांच्या कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना आणि एजंटांना देण्यासाठी. तिचं पुढे मराठीतलं नामांकित मासिक झालं. रंगीत छपाईची हौस नागपुरातही पुरवली गेली. धनवटे घराण्याच्या शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्सने या कामात पुढे मोठं नाव कमावलं. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याला रंगीत चित्र वाचता येत होतं, आणि शंभरातल्या तिघांच्या प्रांतात हा बाजार वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी मोठा होता.

या सगळ्या व्यवहाराबाहेर नागपूरचाच एक संपादक उभा होता. मोहप्याला जन्मलेले किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये स्वतःचा छापखाना घातला. ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ पासून ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ मध्ये ‘चोखामेळा’ अशी पत्रं त्यांनी एकामागून एक काढली. नावं वाचली तरी वाचक कोण ते समजतं: अस्पृश्य वस्त्यांतली, गिरण्यांत कामाला जाणारी माणसं. त्यांच्या हातात पगार होता, पण कोणत्याही जाहिरातदाराने त्यांना गिऱ्हाईक म्हणून मोजलं नव्हतं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, त्यांच्या पत्रात आपल्या औषधाचं नाव द्यायला सवर्ण वैद्य सहजासहजी धजावणार नव्हता. बनसोड्यांच्या पत्रांच्या अल्पायुष्याची चर्चा करताना समाजात वाचक कमी होते एवढं सांगून थांबतात. वाचकांवर पैसा लावायला कोणी तयार नव्हतं हे कारण त्याच्याइतकंच मोठं आहे.

जाहिरात नाकारण्याची सर्वांत प्रसिद्ध घटना नागपूरबाहेरची, पण याच साखळीतली. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. औषधवाल्यांना वर्षानुवर्षं जागा देणाऱ्या पत्रांच्या जगात या एका जाहिरातीला जागा मिळाली नाही. त्याच वर्षी मे अखेर नागपुरात बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष शाहू महाराज, आणि आंबेडकर हजर. डिसेंबरात याच शहरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, चौदा हजारांवर प्रतिनिधी आले, असहकाराचा ठराव पक्का झाला.

असहकाराबरोबर जाहिरातीविषयीचं एक निराळं मतही विदर्भाच्या अंगणात आलं. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’मधून जाहिराती काढून टाकल्या होत्या, आणि ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’ही जाहिरातींविना चालत. अश्लील आणि फसव्या औषधांच्या जाहिरातींवर त्यांनी कडक लिहिलं. तत्त्व म्हणून हे निर्विवाद होतं. पण गांधीजींचं पत्र गांधीजींच्या नावावर खपत होतं. ज्याच्यामागे तसं नाव नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर नागपूरला १९२४ मध्ये मिळालं. त्या वर्षी ‘स्वातंत्र्य’ हे दैनिक निघालं. विश्वनाथराव केळकर, डॉ. हेडगेवार ही मंडळी त्यात होती, उत्साह भरपूर होता. जेमतेम वर्षभरात पैशाअभावी ते बंद पडलं. साप्ताहिक वर्गणी आणि निष्ठा यांवर रखडत चालू शकतं. दैनिकाला रोज कागद लागतो, रोज तारा लागतात, आणि त्यासाठी रोज जाहिरात लागते.

तोवर शहरही बदलत होतं. १९२३ मध्ये विद्यापीठ आलं, दशकाच्या अखेरीस इटारसी आणि दक्षिणेकडचे लोहमार्ग जोडले जाऊन मद्रास-दिल्ली वाहतूक नागपूरवरून सुरू झाली, १९३१ मध्ये लोकसंख्या दोन लाखांच्या पुढे गेली. विद्यार्थी, नवे नोकरदार, सिनेमागृहं, दर शुक्रवारी बदलणारा खेळ. उद्याच्या आत सांगायलाच हवी अशी खबर आता स्थानिक दुकानदाराकडेही होती. १९३२ मध्ये राणा बंधूंनी दिनशॉज ही दुधाची डेअरी सुरू केली. नागपुरात किराण्याचं दुकान चालवलेले केशव पेंढरकर मात्र मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी विको सुरू केली. पुढे आयुर्वेदाची जाहिरात करणारं हे देशातलं अतिपरिचित नाव ठरलं, तरी त्यांची पहिली विक्री मुंबईत दारोदार फिरून झाली होती.

जुन्या रकान्यांचा निकाल कायद्याने लागला. १९५४ मध्ये औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा संसदेने केला. कोणत्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायची नाही, याची लांबलचक यादी त्याला जोडली गेली. तिच्यात प्लेग आहे, सर्व प्रकारचे ताप आहेत, संधिवात, वांझपण आणि उंची वाढवणं आहे. आणि मज्जातंतूंचा अशक्तपणा व नपुंसकत्व ही, जामनगरहून टपालाने येणाऱ्या पुडक्यांवर ज्यांचं नाव कधी लिहिलेलं नसे, ती दुखणीही आहेत.